मामांचं विमान आता स्वतः वळतं

मामांच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे आणि त्या ट्रंकेवर सात वर्षं गोधडीत गुंडाळलेलं एक विमान होतं. दर दिवाळीच्या साफसफाईला मामी ते खाली काढायची, फडक्यानं पुसायची, परत तसंच गुंडाळून वर ठेवायची, कुणाला देऊन टाकू असं मात्र तिनं कधी म्हटलं नाही. बाल्साचं लाकूड, वर पिवळी-लाल फिल्म, पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड मीटर, पंख अंगाच्या वर बसवलेला, म्हणजे आमच्या भाषेत हाय विंग ट्रेनर. मी याच विमानावर शिकलो, चौदा वर्षांचा असताना, मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला मामांकडे गेलो की पहाटे पाच वाजता लुनावर मागे बसायचं, मांडीवर विमान आडवं धरायचं आणि वारा सुटायच्या आत माळावर पोचायचं.

मामा पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते, तिथं त्यांना एरोमॉडेलिंगची गोडी लागली. तेव्हा रेडिओ वगैरे काही नसायचा, कंट्रोल लाईन असायची, म्हणजे दोन तारा हातात धरायच्या, आपण मध्ये उभं राहून गोल फिरायचं आणि विमान आपल्याभोवती गोल. पुढे आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागल्यावर पै पै साठवून त्यांनी पहिला रेडिओ सेट घेतला, चार चॅनेलचा, ॲल्युमिनियमच्या पेटीतला, मीटरभर लांब एरियलवाला. त्या काळात क्रिस्टल असायचे, प्रत्येक सेटची फ्रिक्वेन्सी ठरलेली. माळावर एका पाटीला लाकडी चिमटे लावलेले असायचे, कपडे वाळत घालायचे असतात ना तेच, प्रत्येकावर चॅनेलचा नंबर. आपला चिमटा काढून एरियलला लावायचा आणि मगच सेट ऑन करायचा, कारण एकाच नंबरावर दोघांनी सेट लावला की एकाचं विमान गेलंच म्हणून समजा. आता २.४ गिगाहर्ट्झचे सेट आल्यापासून ही भानगड उरली नाही, पण मामांच्या खिशात सहा नंबरचा चिमटा अजून असतो.

मामांची शिकवायची पद्धत मला सांगायलाच हवी कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ते माझ्या मागे उभे राहायचे, सेट माझ्या हातात, आणि कानाशी फक्त तीन शब्द. "ढकल." "सोड." "धर." पंख डावीकडे कलला तर जेवढा कलला तेवढंच उजवीकडे ढकल. सरळ व्हायला लागला की तो पूर्ण सरळ व्हायच्या आधीच सोड, नाहीतर पलीकडे जाईल. आणि वारा एका अंगानं सारखा दाबत असेल तर थोडंसं धरून ठेव, सोडू नकोस. बास. बाकी थिअरी घरी गेल्यावर पोहे खाताना. एक गोष्ट मात्र मला फार दिवस जमली नाही, विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि अंगठा गोंधळतो. मामा म्हणायचे, जो पंख खाली दिसतोय त्याच्या खाली स्टिकचा टेकू दे. हे वाक्य मी अजून नव्या पोरांना सांगतो.

मग मामांना काचबिंदू निघाला. उशिरा कळलं, काचबिंदूचं तसंच असतं, कडेकडेनं नजर जाते आणि समोरचं दिसतंय तोवर माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. शेवटच्या फ्लाईटला मी तिथंच होतो. विमान सूर्याच्या बाजूला गेलं, तसं प्रत्येकाचंच कधीतरी जातं, पण बाहेर आल्यावर मामांची मान तिकडे वळलीच नाही, ते मोकळ्या आकाशाकडे बघत राहिले. मी हातातून सेट घेतला आणि कसंबसं उतरवलं, चाकं मोडली, बाकी वाचलं. घरी आल्यावर त्यांनी चाकं नीट दुरुस्त केली, फिल्मच्या फाटक्या जागी ठिगळ लावलं आणि विमान गोधडीत गुंडाळलं. काहीच बोलले नाहीत. मला ते ठिगळ फार लागलं, उडवायचंच नाही तर इतकं नीट कशाला लावायचं.

मी नोकरीच्या नादात पुण्यात, हॉबी चालूच, फोमची विमानं, मग मल्टिकॉप्टर, मग ऑटोपायलट. आणि एकदा रात्री मेनार्ड हिल या माणसाबद्दल वाचलं. अमेरिकेतला मॉडेल विमानवाला, मॉडेल विमानांचे कितीतरी विक्रम त्याच्या नावावर. त्यानं २००३ च्या ऑगस्टमध्ये बाल्साचं एक विमान कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरहून सोडलं आणि ते ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडमध्ये क्लिफडनजवळच्या मॅनिन बीचवर उतरलं. सुमारे ३,०३० किलोमीटर, अख्खा अटलांटिक, इंधनासकट वजन पाच किलोच्या आत. वाट जीपीएस आणि छोटा ऑटोपायलट धरत होता, आधीची काही विमानं समुद्रात गेली होती तरी गड्यानं सोडलं नाही. आणि हे केलं तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता, कानाला कमी आणि डोळ्यांनी कायद्याच्या व्याख्येत आंधळा. विमानाला नाव काय दिलं तर 'द स्पिरिट ऑफ बट्स फार्म', ज्या शेतावर ते चाचण्या घ्यायचे त्या शेतमालकाच्या नावावरून.

मी रात्री साडेअकराला मामांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्याला किती दिसत होतं?" मी म्हटलं, मामा, तुमच्यापेक्षा कमीच असेल. थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "ये शनिवारी. माळ्यावर चढायला मला आता जमत नाही."

कामाचा कंटाळवाणा भाग पटकन सांगतो. जुनं ग्लो इंजिन काढलं, एक तर त्याची थरथर ऑटोपायलटच्या सेन्सरला सहन होत नाही आणि तेलही सगळीकडे उडतं. ब्रशलेस मोटर, लिपो बॅटरी, नवे सर्व्हो, म्हणजे पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी. पोटात जिथं इंधनाची टाकी होती तिथं मऊ फोमवर फ्लाईट कंट्रोलर, म्हणजे ऑटोपायलटची डबी, पंखाच्या मागे पाठीवर जीपीएस आणि कंपास, मोटरच्या जाड वायरींपासून जमेल तेवढा लांब, कारण वायरीतून करंट गेला की कंपासची सुई, म्हणजे सुई नसते आत पण कळलं ना, भरकटते. वजन दोन किलोच्या आत ठेवायचंच असं ठरवलं होतं, भरलं १,७५० ग्रॅम. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅम ते दोन किलो हा मायक्रो गट, बिगर-व्यावसायिक उडवायला पायलटचं लायसन लागत नाही, ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, आणि विमान सतत नजरेच्या टप्प्यात पाहिजे. ती नजर माझी, हे आमचं पहिल्या दिवशीच ठरलं. मी बघायचं आणि बोलायचं, मामांनी ऐकायचं.

आता मजेचा भाग. विमानाला आपण सरळ आहोत की तिरके हे कळतं कसं? मामांनी हा प्रश्न पहिल्या संध्याकाळी विचारला आणि मला फार आनंद झाला कारण त्याचं उत्तर मोठं छान आहे. सुरुवातीच्या हौशी ऑटोपायलटमध्ये इन्फ्रारेडचे सेन्सर असायचे, उष्णता बघणारे. आकाश थंड, जमीन गरम. डाव्या बाजूच्या सेन्सरला जास्त गरम दिसलं म्हणजे डावी बाजू जमिनीकडे झुकलीय. इतकं साधं! ढग खाली आले किंवा बाजूला डोंगर आला की फसायचं, पण मोकळ्या माळावर चालायचं. क्रिस अँडरसन नावाच्या संपादकानं २००७ मध्ये आपल्या पोरांबरोबर लेगोच्या किटमधून विमानाचा ऑटोपायलट जमवायचा उद्योग केला, त्यातून हौशी लोकांचा मोठा गोतावळा जमला, त्यात तिहुआनाचा जॉर्डी मुन्योस हा विशीतला पोरगा होता ज्यानं व्हिडिओ गेमच्या रिमोटमधले सेन्सर काढून हेलिकॉप्टर स्थिर केलं होतं. पुढं मोबाईलमुळे जायरो आणि ॲक्सेलरोमीटर, म्हणजे वळणं आणि कल मोजणारे सेन्सर, नखाएवढे झाले, स्वस्त झाले, आणि आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून, फुकट, सगळ्यांसाठी उघडं असं मोठं केलं. त्याच्या विमानांच्या भागामागे कॅनबेराचा अँड्र्यू ट्रिजेल, कॉम्प्युटरवर फाईली शेअर करायचं सांबा हे सॉफ्टवेअर लिहिणारा तोच. त्याची टीम ऑस्ट्रेलियातल्या एका स्पर्धेत उतरायची, रानात हरवलेल्या माणसाचा पुतळा ड्रोननं स्वतः शोधायचा आणि त्याच्याजवळ पाण्याची बाटली टाकायची. २०१४ साली ते जिंकले. मामांना ही बाटलीची गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती शेजारच्या काकांना, दूधवाल्याला आणि दवाखान्यातल्या नर्सला सांगितली.

मग कॅलिब्रेशन. ॲक्सेलरोमीटरला विमान सहा बाजूंनी धरून दाखवावं लागतं, सपाट, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, नाक खाली, नाक वर, आणि उताणं. मामांनी सागवानी पाट काढला, त्यावर पाणसळ ठेवली आणि बोटानं बुडबुडा शोधायला लागले, दिसत नव्हता, तर मामी पुढं होऊन म्हणाली, "उजवीकडे कागदाची घडी घाला." कंपाससाठी विमान हातात घेऊन अंगणात सगळ्या दिशांनी फिरवायचं असतं, तीनदा फेल गेलं, मग लक्षात आलं की मी बोअरच्या लोखंडी पाईपशेजारी उभा होतो. गच्चीवर गेलो, पहिल्या दणक्यात झालं.

आणि आता एक टेस्ट, जी मी माझ्या पहिल्या ऑटोपायलटच्या वेळी केली नव्हती आणि त्यात एक चांगलं विमान गमावलं होतं. स्टिक डावीकडे केली की एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, बरोबर हलतात म्हणजे सगळं बरोबर, असं वाटतं. पण ऑटोपायलट स्वतःहून जे सुधारतो त्याची दिशा वेगळी सेट होऊ शकते. माझ्या हाताला विमान बरोबर वागायचं आणि ऑटोपायलटच्या हातात दिल्यावर, डावीकडे कललं की अजून डावीकडे. सेकंदाचा खेळ, संपलं. म्हणून आता जमिनीवर स्थिर मोड लावायचा, स्टिकला हात लावायचा नाही आणि विमान हातानं उजवीकडे कलंडवायचं. उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, डावा वर. नाक वर उचललं तर एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी पट्टी, खाली.

ही टेस्ट मामांनी केली. मी विमान धरलं, मी कलंडवत होतो आणि ते पंखाच्या कडेवर दोन्ही हातांची बोटं ठेवून बसले होते, डोळे मिटून. मी उजवीकडे कलंडवलं. त्यांच्या उजव्या बोटाखालचा एलेरॉन खाली सरकला. मी परत सरळ केलं, तो परत वर आला. मी सावकाश डावीकडे. मग थोडं पटकन. प्रत्येक वेळी ते पातळ बाल्साचं पान बोटाखाली हललं, स्टिक कुणीच धरलेली नसताना. मामांचा चेहरा मी बघत होतो. "अरे, हा टेकू देतोय," म्हणाले. खालच्या पंखाला टेकू देतोय. मला जे वाक्य शिकायला दोन मे महिने लागले ते या डबीला पहिल्याच दिवशी येत होतं, आणि तिला ते येण्याचं कारणही मला तेव्हाच उमगलं, ती विमानाच्या आत बसलीय. तिच्याकडे तोंड करून विमान कधी येतच नाही, तिचं डावं नेहमी डावंच. आपण जमिनीवर उभं राहून जे शिकतो त्यातलं निम्मं तर या लांब उभं राहण्यामुळेच शिकावं लागतं.

उडवायला आम्ही कवठेमहांकाळच्या पुढं ढालगावकडच्या माळावर जातो. लांबवर पवनचक्क्या दिसतात, फिरत्या, आम्ही त्यांच्यापासून बरेच किलोमीटर अलीकडे थांबतो, पण त्या तिथं का उभ्या केल्यात ते माळावर पाय ठेवल्याबरोबर कळतं, वारा. सकाळी साडेआठनंतर तर उडवायचं नावच काढू नये. कुसळी गवत, मुरूम, एखादी बाभळ, आणि आबांची मेंढरं. जमीन आबांची. पहिल्या दिवशी आबा काठी टेकवत आले आणि सरळ विचारलं, हे रातचं फिरतंय ते ड्रोन तुमचंच का? २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात, पुणे जिल्ह्यात गावोगाव रात्री ड्रोन दिसतात म्हणून माणसं जागरणं करत होती, चोर टेहळणी करतात म्हणून भीती पसरली होती, त्यामुळं त्यांचा प्रश्न रास्तच. मामांनी त्यांना शेजारी बसवलं, विमान मांडीवर दिलं, बॅटरी कुठं, मोटर कुठं सगळं हाताला धरून दाखवलं. आबा म्हणाले, "ह्याला पंख हायत की. मग हे ड्रोन कसलं, हे इमान हाय." तेव्हापासून आम्ही गावात पोचलो की आधी पोलीस पाटलांना सांगतो, मग आबांच्या हातचा चहा, मग विमान.

पहिली दोन उड्डाणं मी पूर्ण मॅन्युअलवर केली, ट्रिम, म्हणजे हात सोडला तरी सरळ जातं का ते, बघितलं. तिसऱ्याला ऑटोट्यून. हा मोड असा असतो की ऑटोपायलट विमान सांभाळत असतो, ठरवलेल्यापेक्षा जास्त कलू देत नाही, आणि आपण स्टिक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे अशी जोरात फेकायची, पुन्हा पुन्हा, वीस-पंचवीस वेळा. प्रत्येक झटक्यातून तो शिकतो की हे विमान किती चपळ आहे, किती दाबलं की किती वळतं. मी ऐंशी मीटरवर नेलं, मोड लावला आणि सेट मामांच्या हातात दिला. सात वर्षांनी. त्यांनी आधी अंगठ्यानं दोन्ही स्टिक चाचपल्या, उजव्या स्टिकच्या टोकावर अंगठा ठेवला, हनुवटी थोडी वर, कान मोटरकडे.

"डावीकडे," मी म्हटलं. "सोडा. उजवीकडे. सोडा."

पहिले चार-पाच झटके फार हळू होते, जपून, जसं माणूस अंधारात जिना उतरतो तसं. मी म्हटलं मामा, जोरात, काही होणार नाही, तो पंचेचाळीस अंशाच्या पुढं जाऊच देत नाही. मग त्यांनी दिला झटका, आणि विमान लखकन पिवळं पोट दाखवून वळलं, मी ओरडलोच, काय सुंदर वळलं मामा! मग त्यांना लय सापडली. डावीकडे, सोड, उजवीकडे, सोड. मी बोलायचं थांबलो तरी ते चालूच, कारण मोटरचा आवाज वळताना बदलतो, त्यावरून त्यांना कळत होतं विमान कुठल्या अंगाला आहे. चेहरा त्या आवाजाबरोबर फिरत होता, सूर्यफूल फिरतं तसा, सावकाश आणि एकदम बरोबर. आबा मेंढरं सोडून बघत बसले.

त्या रात्री लॉग उघडला. ऑटोपायलट प्रत्येक क्षणाची नोंद ठेवतो, सेकंदाला कितीतरी वेळा. मी मामांना ऑटोट्यूननं काढलेले आकडे वाचून दाखवले, रोलसाठी, म्हणजे कुशीवर कलण्यासाठी, पी ०.११, आय ०.१५, डी ०.००४. "म्हणजे काय?" मी समजावायला लागलो. पी म्हणजे चूक जेवढी तेवढा जोर. डी म्हणजे किती वेगानं सरळ होतंय ते बघून आधीच जोर कमी करायचा. आय म्हणजे चूक बराच वेळ एकाच बाजूला राहिली, वारा दाबतोय, तर थोडा जोर कायम धरून ठेवायचा. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं मी काय म्हणतोय ते आणि मी थांबलो. मामा हसत होते. "ढकल, सोड, धर," म्हणाले. मी इंजिनीअरिंगला कंट्रोल सिस्टिमचा पेपर दोनदा दिलाय, पीआयडीची गणितं पानं भरभरून सोडवलीत, पण माझ्या मामांनी ते मला चौदाव्या वर्षी माळावर शिकवलं होतं हे मला पस्तिशीत कळलं. आणि आता ते आकडे मामांच्याच अंगठ्याच्या झटक्यांतून निघाले होते. कुणी म्हणतं ना की ऑटोपायलट लावला की त्यात तुझं काय राहिलं, तर मी त्यांना हे तीन आकडे दाखवतो.

पुढच्या खेपेला ऑटो मोड. लॅपटॉपवर नकाशात चार ठिपके, तीनशे बाय दीडशे मीटरचा आयत, उंची ऐंशी, वेग सेकंदाला चौदा मीटर, दोन फेऱ्या मारून टेकऑफच्या जागेवर येऊन गोल फिरत राहायचं. मी टेकऑफ करून स्विच टाकला. विमान जरा वेळ सरळ गेलं, मग पहिल्या ठिपक्यापाशी आपलं आपण वळलं. मामांच्या हातात सेट होता, दोन्ही अंगठे स्टिकपासून बोटभर वर. मग त्यांनी सेट गळ्यातल्या पट्ट्यावर सोडला आणि हात बाजूला घेतले. मला लॉरेन्स स्पेरी आठवला. १९१४ चा जून, पॅरिसजवळ सीन नदीवर विमानांच्या सुरक्षिततेची स्पर्धा, हा एकवीस वर्षांचा मुलगा जायरोवाला ऑटोपायलट घेऊन आला आणि परीक्षकांच्या समोरून जाताना दोन्ही हात वर केले, त्याचा मेकॅनिक एमिल काशँ तेवढ्यात पंखावर जाऊन उभा, आणि विमान सरळच. लोक वेडे झाले असणार. मी हे मामांना सांगितलं तर ते म्हणाले, हात वर करायला धाडस लागतं खरं, पण पंखावर गेला त्याचं काय? मला ते कधी सुचलंच नव्हतं.

मग आला तो ऑक्टोबरचा रविवार. मधे पाऊस, मग माझं ऑफिस, महिनाभर विमान मामांच्या व्हरांड्यात भिंतीला टांगलेलं. पंखाच्या पुढं एक बारीक नळी असते, पिटो ट्यूब, समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजते आणि त्यावरून हवेतला वेग कळतो. जमिनीवरचा वेग जीपीएस सांगतो पण पंखाला जमिनीशी देणंघेणं नाही, वाऱ्याला पाठ दिली की विमान जमिनीवरून भन्नाट पळताना दिसतं आणि पंखाखालची हवा तेवढीच. तर मी त्या दिवशी सगळं तपासलं, नळीत हळूच फुंकर मारून आकडा वाढतो का हे तेवढं बघितलं नाही.

टेकऑफ स्थिर मोडवर केला. पंख जरा थरथरत होते, मला वाटलं वारा. ऐंशी मीटर, ऑटो. आणि तीन-चार सेकंदांत मामा ओरडले, "मॅन्युअल कर! आधी मॅन्युअल!" मला काहीच वेगळं दिसलं नव्हतं, खरं सांगतो, विमान समोर होतं, सरळ होतं. पण तो आवाज होता शिक्षकाचा, आणि माझं बोट स्विचवर आपोआप गेलं, जातानाच दिसलं की नाक खाली वळलंय आणि मोटर फुल्ल किंचाळतेय. मॅन्युअल, थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, बंद, हळूहळू नाक वर. तीस मीटरवर सरळ झालं. उतरवलं आणि मी तिथंच मुरमावर बसलो.

नळीत माती होती. कुंभारीण माशी, भिंतीच्या कोपऱ्यात, सॉकेटच्या भोकात इवलीशी मातीची घरं बांधते ना, तिनं त्या नळीच्या तोंडात घर बांधलं होतं, गुळगुळीत, बोटानं लिंपल्यासारखं. हवा आत जाईना, वेग शून्य. ऑटोपायलटला वाटलं विमान थांबलंय, आता पडणार, तर त्यानं तेच केलं जे मामांनी मला शिकवलं असतं, नाक खाली आणि पूर्ण थ्रॉटल, वेग मिळव. पंख थरथरत होते तेही त्याचमुळं, वेग कमी आहे समजून तो एलेरॉन जास्त जोरात हलवत होता. सेन्सर खोटं बोलतोय का हे जीपीएसशी ताडून बघायचं सेटिंग असतं, ते मी चालू केलेलं नव्हतं. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं एक बोईंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली, त्यातही एक पिटो नळी बुजलेली होती आणि तपास करणाऱ्यांचा संशय अशाच एका माशीच्या घरावर होता, विमान बरेच दिवस नुसतं उभं होतं. हे मी पूर्वी वाचलेलं होतं. वाचलेलं असून फुंकर मारली नाही, हे मला अजून बोचतं.

मामीनं दुसऱ्या दिवशी लाल कापडाची बोटभर पिशवी शिवली, त्याला वीतभर लाल नाडी, नळीवर घालून ठेवायला, म्हणजे काढायची विसरली तरी दिसेल. ताडून बघायचं ते सेटिंग चालू केलं. विमानाच्या अंगावर मी रंगानं 'आबांचा माळ' असं लिहिलं, हिल यांच्या विमानाला शेताचं नाव होतं तसं, आबांना वाचता येत नाही पण त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला आणि मेंढरांमागे गेले.

पण त्या रविवारच्या रात्रीचं राहिलं. जेवणं झाल्यावर मामा म्हणाले, लॉग काढ. मी वाचायला लागलो. वेग शून्य, शून्य, शून्य. मोड ऑटो. थ्रॉटल शंभर. नाक उणे चार, उणे सात.

"थांब," मामा म्हणाले. "थ्रॉटल शंभर कधी झाला?"

मी सेकंद सांगितला.

"आणि नाक खाली?"

त्यानंतर सेकंदाभरानं.

"मी थ्रॉटल ऐकला," ते म्हणाले. "दुसऱ्या बाजूला वळताना मोटर अशी कधी ओरडत नाही." मग थोडं थांबून, "मी ओरडलो ते त्यात कुठं दिसतं का रे?"

मी म्हटलं नाही मामा, आवाज नोंदवत नाही तो, फक्त मोड बदलल्याचं दिसतं, ऑटोवरून मॅन्युअल.

"मग तिथनं पुढं वाच. सावकाश."

मी वाचलं. थ्रॉटल शून्य. नाक उणे बावीस, उणे अठरा, उणे अकरा. उंची बत्तीस, एकतीस, एकतीस. नाक उणे तीन. रोल अधिक दोन. मामा खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून ऐकत होते, उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर, माझ्या प्रत्येक आकड्याबरोबर जरासा हलत. विमान टेकलं तिथं मी थांबलो.

"परत," म्हणाले. "टेकऑफपासून."